आधी विक्री, मग सिनेमा

‘कटथ्रोट आयलंड’ या समुद्री चाच्यांच्या सिनेमानं कॅरोल्को ही कंपनी बुडवली, असं हॉलिवूडविषयी लिहिणारे बहुतेक जण लिहून मोकळे होतात. सर्वांत मोठा आपटलेला सिनेमा म्हणून गिनेस बुकातही त्याची नोंद झाली होती. शिवाय गोष्ट सांगायला झकास आहे. दिग्दर्शकानं बायकोला नायिका केलं, खरीखुरी जहाजं बांधली, दहा कोटी डॉलर पाण्यात घातले आणि कंपनीला टाळं लागलं. अडचण एवढीच, की तारखा जुळत नाहीत. कॅरोल्कोनं दिवाळखोरीचा अर्ज केला नोव्हेंबर १९९५ मध्ये आणि सिनेमा लागला त्याच वर्षी २२ डिसेंबरला. पहिलं तिकीट फाटायच्या आधीच कंपनी कोर्टाच्या दारात उभी होती. सिनेमा पडला हे खरं, पण तो पडला तेव्हा बुडायला फारसं काही उरलंच नव्हतं.

मग कंपनी बुडाली कशानं? माझं उत्तर असं, की ज्या युक्तीच्या जोरावर ती वर आली, त्याच युक्तीनं तिला खाल्लं. ती युक्ती नीट समजून घेतली तर कॅरोल्कोचा हिशेब तर लागतोच, पण ऐंशीच्या दशकात हॉलिवूडचे नट अचानक इतके महाग का झाले आणि मारधाडीचे सिनेमे जगभर का पसरले, याचाही उलगडा होतो.

कॅरोल्को म्हणजे ‘रॅम्बो’, ‘टोटल रिकॉल’, ‘टर्मिनेटर २’, ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ आणि ‘क्लिफहँगर’ काढणारी कंपनी. वॉर्नर, पॅरामाउंट, युनिव्हर्सल, फॉक्स यांच्यासारखं कित्येक एकरांचं आवार तिच्याकडे सुरुवातीला नव्हतं आणि अमेरिकाभर थिएटरांत प्रिंट पोचवणारी स्वतःची वितरणयंत्रणा तर कधीच उभी राहिली नाही. त्या अर्थानं ती ‘स्वतंत्र’ कंपनी. स्वतंत्र सिनेमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चार पैशांत हातकॅमेऱ्यानं केलेलं काहीतरी गंभीर येतं. कॅरोल्कोचं स्वातंत्र्य नेमकं उलट्या टोकाचं होतं. मोठे स्टुडिओ ज्या आकड्यांना बिचकत, ते आकडे ही कंपनी बिनदिक्कत कागदावर मांडायची.

तिचे दोन संस्थापक होते, आणि दोघेही हॉलिवूडच्या मुशीतले नव्हते. अँड्र्यू वाय्ना बुडापेस्टचा. १९५६ च्या उठावानंतर बारा वर्षांचा हा मुलगा एकटाच हंगेरीतून निसटला आणि रेड क्रॉसच्या मदतीनं कॅनडात पोचला. पुढे त्यानं हाँगकाँगमध्ये केसांचे टोप बनवण्याचा धंदा केला, मग तिथली सिनेमा थिएटरं घेतली. मारिओ कासार बैरुतचा. वडील सिनेमाच्या वितरणात, त्यामुळे विशीत शिरायच्या सुमारासच तो मध्यपूर्वेत सिनेमांचे हक्क विकू लागला होता. दोघांची गाठ कान महोत्सवाच्या बाजारात पडली आणि १९७६ मध्ये त्यांनी कॅरोल्को सुरू केली. नाव पनामातल्या एका बंद पडलेल्या कंपनीचं होतं, तेच विकत घेतलं. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी सिनेमे बनवले कमी, विकलेच जास्त. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढेही दोघांची नजर विक्रेत्याचीच राहिली. सिनेमा चांगला होईल का, या प्रश्नाआधी त्यांना पडणारा प्रश्न असायचा, की जपानचा माणूस याचे किती देईल आणि जर्मनीचा किती?

हिंदी सिनेमाचा जुना धंदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कॅरोल्कोची युक्ती समजायला वेळ लागणार नाही. बॉम्बे, दिल्ली-यूपी, निजाम, सीपी-बेरार, ओव्हरसीज अशा टेरिटरी पाडायच्या, नट आणि संगीतकार ठरले की मुहूर्तालाच वितरकांकडून ‘एमजी’, म्हणजे किमान हमी रक्कम, कबूल करून घ्यायची आणि त्या जोरावर फायनान्सरकडून पैसा उचलायचा. कॅरोल्कोनं हेच केलं, फक्त टेरिटरी होत्या जपान, जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन, स्पेन आणि फायनान्सरच्या जागी होती युरोपातली बँक. कानला किंवा लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म मार्केटमध्ये हॉटेलच्या खोल्यांत दुकानं लागायची. टेबलावर न बनलेल्या सिनेमाचं पोस्टर, नटाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव, पानभर कथा. वितरक करारावर सही करायचा, की सिनेमा पूर्ण होऊन हाती आला की मी इतके देईन. थोडी रक्कम आगाऊ, बाकीची माल पोचल्यावर.

करार म्हणजे रोकड नव्हे. इथे बँक लागते. रॉटरडॅममधल्या स्लाव्हनबर्ग बँकेतल्या फ्रान्स आफमन नावाच्या डच बँकरनं हा प्रकार आधीच बसवला होता. ही बँक पुढे फ्रान्सच्या क्रेडी लिओनेनं घेतली. आफमनचं गणित साधं होतं. निर्मात्याची पत बघायचीच नाही, करारांवर सह्या कोणाच्या आहेत ते बघायचं. जपानमधल्या भरवशाच्या वितरकानं तीस लाख देतो म्हणून लिहून दिलं असेल, तर त्या कागदावर कर्ज द्यायला हरकत नाही. सिनेमा अर्धवट राहिला तर? त्यासाठी ‘कंप्लीशन बाँड’ देणारी वेगळी कंपनी असे. ती कमिशन घेऊन हमी देई, की सिनेमा वेळेत आणि ठरल्या पैशांत पूर्ण होईल, नाही झाला तर आम्ही भरू. या पद्धतीनं दिनो दी लॉरेंटिससारख्या इटालियन निर्मात्यानं सत्तरच्या दशकात मोठमोठे सिनेमे उभे केले होते. कासार आणि वाय्ना त्याच वाटेनं गेले आणि त्याच्याही पुढे गेले.

पहिली मोठी खेळी ‘फर्स्ट ब्लड’. डेव्हिड मॉरेलची ही कादंबरी १९७२ ची. व्हिएतनामहून परतलेला एक भ्रमिष्ट सैनिक आणि त्याला गावाबाहेर हाकलणारा पोलीसप्रमुख यांची गोष्ट. दहा वर्षं तिचे हक्क स्टुडिओ-स्टुडिओत फिरत राहिले. नट ठरायचे, दिग्दर्शक ठरायचे, पटकथा लिहून व्हायच्या आणि प्रकल्प बारगळायचा. व्हिएतनामची जखम ताजी होती, त्यावर तिकीट काढून कोण येणार, ही धास्ती. कॅरोल्कोनं हक्क घेतले, सिल्व्हेस्टर स्टॅलोनला घेतलं, टेड कॉचेफला दिग्दर्शन दिलं आणि ब्रिटिश कोलंबियातल्या होप नावाच्या छोट्या गावात थंडी-पावसात चित्रीकरण केलं. कड्यावरून झाडात उडी मारण्याच्या प्रसंगात स्टॅलोनच्या बरगड्या मोडल्या.

शेवटाचा किस्सा धंद्याच्या दृष्टीनं फार बोलका आहे. कादंबरीत रॅम्बो मरतो. सिनेमातही त्याच्या मृत्यूचा शेवट चित्रित झाला होता. चाचणीच्या खेळाला प्रेक्षकांना तो दाखवला, तर लोक चिडले. ज्या माणसासाठी दीड तास जीव टांगणीला लावला त्याला असं मारता? मग दुसरा शेवट, जो आधीच चित्रित करून ठेवला होता, तो जोडला गेला. त्यात रॅम्बो रडतो, शरण येतो, जिवंत राहतो. कलेच्या दृष्टीनं मला अजूनही पहिला शेवट कथेला जास्त धरून वाटतो. पण तो ठेवला असता तर हा लेख लिहायला कंपनीच उरली नसती. सुमारे दीड कोटी डॉलरच्या सिनेमानं १९८२ च्या अखेरीस लागून जगभरात बारा कोटींच्या आसपास धंदा केला आणि रॅम्बो हयात होता.

१९८५ च्या दुसऱ्या भागात तो भ्रमिष्ट राहिलाच नाही, थेट एकटा युद्ध जिंकणारा वीर झाला. जगभरातली कमाई तीस कोटी डॉलर. आपल्याकडच्या व्हिडिओ पार्लरांतही उघड्या छातीचा, कपाळाला पट्टी बांधलेला स्टॅलोन याच काळात पोचला. त्या भाड्याच्या चोरट्या कॅसेटांमधून कॅरोल्कोच्या तिजोरीत किती गेलं असेल, ते सांगायला नको.

पण जिथे पैसे मिळत होते तिथे ते धो धो मिळत होते, आणि त्याचं कारण एकट्या रॅम्बोत नव्हतं. ऐंशीच्या दशकात दोन गोष्टी एकदम झाल्या. घरोघरी व्हीसीआर आले आणि पश्चिम युरोपात सरकारी वाहिन्यांच्या जोडीला खासगी टीव्ही वाहिन्या निघाल्या. फ्रान्समध्ये कॅनाल प्लस १९८४ ची, इटलीत बर्लुस्कोनीच्या वाहिन्या त्याच्या थोड्या आधीच्या. रोजचे इतके तास भरायचे तर अमेरिकन सिनेमा हवाच. कॅसेट कंपन्यांना हवा, वाहिन्यांना हवा, थिएटरांना हवा. ग्राहक वाढले, माल तेवढाच. मग बोली चढणारच.

आणि बोली चढते कशावर? पटकथा परभाषेतल्या वितरकाला वाचायचीच नसते. त्याला पोस्टरवरचं नाव दिसतं. विनोद भाषांतरात मरतो, कौटुंबिक नाट्य देशागणिक वेगळं लागतं, पण मशिनगन सगळ्या भाषांत सारखीच वाजते. त्यामुळे स्टॅलोन आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर ही नावं म्हणजे परदेशी कराराच्या कागदावर आधीच छापलेले आकडे झाली. श्वार्झनेगरला एक कोटी जास्त दिले तर विक्रीत दोन कोटी जास्त येतात, असा हिशेब असेल तर द्यायला काय हरकत? कॅरोल्को देत गेली. बाकीच्या स्टुडिओंनी दात-ओठ खाल्ले, पण त्यांनाही मग तोच भाव द्यावा लागला. हॉलिवूडच्या नटांच्या मानधनाचा फुगा फुगवण्यात या एका कंपनीचा वाटा मोठा आहे, आणि लेखकांच्याही. जो एस्टरहासच्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’च्या पटकथेला कॅरोल्कोनं १९९० मध्ये लिलावात तीस लाख डॉलर मोजले. तोवर एवढी किंमत कुठल्या पटकथेला आली नव्हती.

आता या पद्धतीतली मेख बघू. समजा, सिनेमाला पाच कोटी लागणार आहेत आणि जगभरातून साडेपाच कोटींचे करार हातात आहेत. पन्नास लाख सुटले, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच. आपटला तर तोटा जपान-जर्मनीच्या वितरकाचा. झोप शांत. पण तुफान चालला तर? तर गर्दीची मलईही त्याच वितरकाची. एमजी वसूल झाल्यावर, खर्च वजा जाता उरेल त्यात निर्मात्याला वाटा, असं करारात लिहिलेलं असतं. ते बहुतेकदा लिहिलेलंच राहतं. अमेरिकेत वितरण ट्रायस्टार या कंपनीकडे, म्हणजे तिथेही आधी तिचं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वजा. कॅसेटचे हक्क वेगळे विकलेले. आणि या सगळ्यातून जे खाली ठिबकेल त्यात मोठ्या नटाचा टक्का. थोडक्यात, आपटण्याची भीती विकताना कॅरोल्को चालण्याचा फायदाही विकून बसत होती.

जोवर दोन आकड्यांतलं ते पन्नास लाखांचं अंतर राहत होतं तोवर चाललं. पण नटांचे भाव कंपनीनंच चढवले होते. सिनेमाचा खर्च साडेपाच, सहा, सात कोटींवर गेला आणि परदेशी वितरक मात्र एका मर्यादेपलीकडे जाईनात. मधली तूट कर्जानं भरायची. कर्ज फेडायचं तर पुढचा सिनेमा जाहीर करून त्याची आगाऊ रक्कम उचलायची. ऋण काढून सण करायची सवय लागली की प्रत्येक सणाला आधीच्यापेक्षा मोठा मंडप लागतो.

‘रॅम्बो ३’ मध्ये हे पहिल्यांदा उघड दिसलं. १९८८ च्या या सिनेमाचा खर्च सहा कोटी डॉलरच्या वर, तोवरचा सर्वांत महागडा सिनेमा. रॅम्बो या वेळी अफगाणिस्तानात मुजाहिदीनांच्या खांद्याला खांदा लावून सोव्हिएत फौजेशी लढतो. सिनेमा अमेरिकेत लागला २५ मे रोजी आणि सोव्हिएत फौजांची माघार सुरू झाली होती १५ मे रोजी. खलनायकच दहा दिवस आधी घरी निघाला. अमेरिकेत सिनेमानं पाच कोटींच्या जरा वर मजल मारली, बाहेरच्या देशांनी मात्र हात दिला. बाहेरचे हक्क आधीच विकलेले होते, त्यामुळे त्या गर्दीचा उपयोग मुख्यतः इतरांना.

१९८९ हे कंपनीच्या आयुष्यातलं वळण. ऑगस्टमध्ये तिच्याशी संलग्न असलेल्या लाइव्ह एंटरटेनमेंट या कॅसेट कंपनीचे प्रमुख होजे मेनेंडेझ आणि त्यांच्या पत्नीचा बेव्हर्ली हिल्समधल्या घरात गोळ्या घालून खून झाला. सुरुवातीला संशयाची सुई धंद्यातल्या वैराकडेही वळली. पुढे निघालं ते असं, की खून त्यांच्याच दोन मुलांनी केला होता. तो खटला अमेरिकेत किती गाजला हे वेगळं सांगायला नको, पण ज्या कंपनीच्या पैशातून ते वैभव आलं तिचं नाव फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस वाय्नानं आपला हिस्सा कासारला दहा कोटी साठ लाख डॉलरला विकला आणि वेगळी चूल मांडली. वाय्ना खर्चाला जरा लगाम घालणारा होता असं म्हणतात. तो बाहेर पडल्यावर काय झालं ते पाहता मला ते पटतं.

कासारच्या एकहाती कारभाराची पहिली दोन वर्षं म्हणजे कॅरोल्कोचं शिखर. ‘टोटल रिकॉल’ची पटकथा दिनो दी लॉरेंटिसच्या कंपनीत वर्षानुवर्षं अडकली होती. ती कंपनी दिवाळखोरीत निघाली तेव्हा श्वार्झनेगरनं स्वतः कासारला फोन केला, की हे हक्क घे. कासारनं घेतले, श्वार्झनेगरच्या पसंतीचा डच दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन घेतला, मेक्सिकोत सेट उभारले. १९९० मध्ये सिनेमा जगभर सव्वीस कोटींवर गेला. दी लॉरेंटिसचा नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचा स्टुडिओही कॅरोल्कोनंच घेतला. आगाऊ विक्रीच्या धंद्याचा आद्य गुरू ज्या जागेत बुडाला, ती जागा शिष्यानं विकत घेतली आणि बुडण्याच्या कारणांची चौकशी केली नाही.

मग ‘टर्मिनेटर २’. पहिल्या ‘टर्मिनेटर’चे हक्क हेमडेल या दुसऱ्या एका स्वतंत्र कंपनीकडे अडकले होते आणि ती स्वतःच गाळात होती. कासारनं भरपूर पैसे मोजून ते सोडवले. जेम्स कॅमेरॉनला थोडक्यात सांगितलं, की कर. वेळ कमी, यंत्रं नवी. पाऱ्यासारखा वितळून पुन्हा आकार घेणारा टी-१००० हा खलनायक संगणकावर घडवायचा होता आणि असं काम एवढ्या प्रमाणात आधी कुणी केलं नव्हतं. पूर्ण सिनेमात संगणकानं घडवलेली दृश्यं मोजून पाच मिनिटांच्या आसपास आहेत, पण सिनेमाच्या तंत्राचा इतिहास त्या पाच मिनिटांनी बदलला. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. श्वार्झनेगरच्या मानधनाचा भाग म्हणून त्याला एक गल्फस्ट्रीम जेट विमान दिलं गेलं. लोक विमानाला हसले, पण ३ जुलै १९९१ ला सिनेमा लागला आणि जगभरात बावन्न कोटींच्या आसपास गेला. त्या वर्षी जगात त्याच्याइतका दुसरा कुठला सिनेमा चालला नाही. वर चार ऑस्कर.

त्याच वर्षाचा कॅरोल्कोचा ताळेबंद : तोटा सव्वीस कोटी डॉलरच्या वर.

वर्षातला जगातला सर्वांत यशस्वी सिनेमा हातात असताना एवढा तोटा कसा, हा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला. उत्तर वर येऊन गेलंय. ‘टर्मिनेटर २’चा मोठा हिस्सा आधीच विकलेला होता आणि बाकीचे सिनेमे, ऑलिव्हर स्टोनचा ‘द डोअर्स’, ‘एलए स्टोरी’, ‘एअर अमेरिका’, आपला खर्च काढताना धापा टाकत होते. लाइव्ह एंटरटेनमेंटनं मधल्या काळात रेकॉर्ड आणि कॅसेटांच्या दुकानांच्या साखळ्या घेतल्या होत्या, त्यांचाही भार. शिवाय डामडौल. कान महोत्सवात ताऱ्यांना विमानानं नेणं, समुद्रकाठच्या हॉटेलात रात्रभर मेजवान्या, हा खर्च विक्रीचाच भाग आहे असं कंपनी मानायची, आणि काही अंशी ते खरंही होतं. वितरक जे विकत घेत होते तो भरवसाच होता, आणि भरवसा दिसायला हवा.

न्याय म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. या कंपनीनं फक्त स्नायूंचे सिनेमे काढले नाहीत. कोस्टा गाव्रासच्या ‘म्युझिक बॉक्स’ला बर्लिनचं गोल्डन बेअर मिळालं. ‘रॅम्बलिंग रोझ’साठी डायन लॅड आणि लॉरा डर्न या मायलेकींना एकाच वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं, असं आधी कधी झालं नव्हतं. रिचर्ड अटेनबरोच्या ‘चॅप्लिन’मागेही पैसा कॅरोल्कोचाच. दिग्दर्शकांना हात मोकळा सोडण्यात कासारची ख्याती होती. मोठ्या स्टुडिओत दहा अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांनी पटकथा काळीनिळी होऊन यायची, इथे एक माणूस हो म्हणाला की काम सुरू. व्हरहोव्हन आणि कॅमेरॉन यांची ऐन भरातली कामं याच घरात झाली, हा योगायोग नाही.

दरम्यान बाजार थंडावला. युरोपातल्या वाहिन्यांची कोठारं भरली, काही वितरकांनी चढ्या भावात घेतलेला माल विकता विकता हात पोळून घेतले, आणि क्रेडी लिओने स्वतः अडचणीत आली. एमजीएम स्टुडिओच्या विक्रीला दिलेल्या कर्जात ती बँक अशी काही फसली की शेवटी स्टुडिओच तिच्या गळ्यात पडला. कॅरोल्कोला कॅनाल प्लस, जपानची पायोनियर आणि इटलीची रिझोली या भागीदारांनी पैसा पुरवून तगवलं. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ १९९२ मध्ये पस्तीस कोटींवर गेला, पुढच्या वर्षी ‘क्लिफहँगर’नं पंचवीस कोटी केले. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी कॅरोल्को सावरली असं लिहिलं. ‘क्लिफहँगर’मध्ये मात्र कॅरोल्कोच्या वाट्याला आता फारच थोडा तुकडा उरला होता. तो सिनेमा पूर्ण करण्यासाठीच तिला बाकीचे तुकडे विकावे लागले होते.

या काळात हातातून काय काय निसटलं, तेही बघण्यासारखं आहे. १९९० मध्येच कॅरोल्कोनं ‘स्पायडर-मॅन’चे हक्क घेतले होते आणि कॅमेरॉननं त्याचा मोठा आराखडा लिहून दिला होता. हक्कांच्या आणि श्रेयाच्या दाव्यांत तो प्रकल्प असा गुरफटला की कॅरोल्को संपली तरी सुटला नाही. अखेर २००२ मध्ये सोनीनं ‘स्पायडर-मॅन’ काढला आणि त्यावर स्वतःचं साम्राज्य उभं केलं.

१९९४ मध्ये कासारच्या टेबलावर दोन मोठे प्रकल्प होते आणि पैसे एकापुरतेच. पहिला ‘क्रूसेड’. दिग्दर्शक व्हरहोव्हन, नायक श्वार्झनेगर, अकराव्या शतकातलं धर्मयुद्ध, स्पेनमध्ये तयारी सुरू झालेली. श्वार्झनेगर सांगतो त्याप्रमाणे, बैठकीत व्हरहोव्हनला विचारलं गेलं, की खर्च ठरल्या आकड्याबाहेर जाणार नाही याची हमी देशील का? अशी हमी जगात कोणीच देऊ शकत नाही, असं उत्तर आलं. उत्तर प्रामाणिक होतं. प्रकल्प तिथेच मेला.

दुसरा ‘कटथ्रोट आयलंड’. दिग्दर्शक ‘क्लिफहँगर’चा रेनी हार्लिन, नायिका त्याची तेव्हाची पत्नी जीना डेव्हिस, नायक मायकल डग्लस. परदेशी वितरकांनी डग्लसचं नाव बघून सह्या केल्या होत्या आणि नंतर डग्लस बाहेर पडला. एकामागून एक नटांनी नकार दिला आणि शेवटी मॅथ्यू मोडीन आला. हार्लिननं नंतर मुलाखतींत सांगितलंय, की त्यानं आणि डेव्हिसनं या सिनेमातून मोकळं करा म्हणून कंपनीला विनवण्या केल्या होत्या. पण सुटका शक्यच नव्हती. आगाऊ रकमा उचलल्या होत्या आणि त्या खर्च झाल्या होत्या. सिनेमा रद्द केला तर त्या परत करायच्या, म्हणजे त्याच दिवशी दुकान बंद. सिनेमा केला तर निदान वर्षभराची मुदत मिळत होती. तेव्हा सिनेमा होऊ दिला, तो चालेल म्हणून नव्हे.

माल्टात आणि थायलंडमध्ये पूर्ण आकाराची दोन जहाजं बांधली गेली. माल्टात पाण्याच्या प्रचंड टाकीत चित्रीकरण सुरू असताना मूळ छायालेखक क्रेनवरून पडून त्याचा पाय मोडला, दुसरा बोलवावा लागला. पटकथा सेटवर पुन्हा लिहिली जात होती. कॅरोल्कोनं पैसे उभे करायला ‘शोगर्ल्स’मधला आपला हिस्सा विकून टाकला. सिनेमाचं अमेरिकेतलं वितरण एमजीएमकडे होतं आणि एमजीएम स्वतःच विक्रीला काढलेली, तेव्हा जाहिरातीवर कोण खर्च करणार? अमेरिकेत सिनेमानं कसेबसे एक कोटी डॉलर जमवले. पडद्यावर पाहिलं तर तो वाटतो तितका वाईट नाही. जहाजं खरी आहेत, स्फोट खरे आहेत, जॉन डेब्नीचं संगीत दमदार आहे. पटकथेत मात्र जीव नाही. आणि चाच्यांच्या सिनेमाला गिऱ्हाईक नसतं हा तेव्हाचा निष्कर्षही घाईचा होता, कारण आठच वर्षांनी डिस्नेनं ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’वर पासष्ट कोटी मिळवले.

दिवाळखोरीत कंपनीचा सिनेमासंग्रह विकायला निघाला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं पाच कोटी डॉलर देऊ केले होते. कॅनाल प्लसनं १९९६ च्या सुरुवातीला पाच कोटी ऐंशी लाखांना तो उचलला. एकट्या ‘टर्मिनेटर २’च्या तिकिटबारीचा हा जेमतेम नववा भाग. तो संग्रह आज स्टुडिओकॅनालकडे आहे आणि त्यातले सिनेमे दर काही वर्षांनी घासूनपुसून पुन्हा बाजारात येतात. २०१७ मध्ये ‘टर्मिनेटर २’ थ्रीडीत आला. सिनेमा अखेरपर्यंत स्वतःकडे ठेवला तर तो किती वर्षं पैसे देतो, हे कॅरोल्कोचे सिनेमे दुसऱ्यांना दाखवून देत आहेत.

वाय्ना नंतर हंगेरीला परतला. २०११ पासून तिथल्या सरकारचा चित्रपटविषयक आयुक्त म्हणून त्यानं काम पाहिलं आणि २०१९ मध्ये बुडापेस्टमध्येच वारला. पण त्याआधी तो आणि कासार पुन्हा एकदा एकत्र आले होते. कॅरोल्कोकडचे ‘टर्मिनेटर’चे हक्क दिवाळखोरीच्या लिलावात निघाले, तेव्हा बोली लावून ते घेतले ते या दोघांनीच. सी-टू पिक्चर्स या नव्या नावाखाली त्यांनी ‘टर्मिनेटर ३’ उभा केला, पद्धत तीच जुनी. अमेरिकेचे हक्क वॉर्नरला, बाहेरचे बहुतेक सोनीला, जपानचे तोहो-तोवाला. सिनेमा २००३ च्या जुलैत लागला. श्वार्झनेगरचं मानधन होतं तीन कोटी डॉलरच्या जरासं खाली, म्हणजे अख्ख्या ‘फर्स्ट ब्लड’ला जेवढा खर्च आला होता त्याच्या जवळपास दुप्पट.